त्यात काय घाबरायचं!

मराठी भाषेत काही वाक्यं अशी आहेत, की ती उच्चारण्यापूर्वी माणसाला रीतसर परवाना काढायला लावला पाहिजे. 'सहज इकडून चाललो होतो, म्हटलं डोकवावं' हे त्यातलं एक. 'तुमच्या जागी मी असतो ना, तर...' हे दुसरं. पण परवाना वगैरे भानगडीत न पडता सरळ बंदीच घालावी, असं वाक्य मात्र एकच. ते म्हणजे, 'त्यात काय घाबरायचं?'

लोक म्हणतात, दात साखरेनं किडतात. सुरुवात साखर करते हे मला मान्य आहे. पण त्या सुरुवातीची भरभराट करून दाढ पार मुळासकट घालवण्यापर्यंतचं काम या एका वाक्यानं होतं, असं माझं अनुभवाअंती बनलेलं ठाम मत आहे, आणि ते मी आज दातओठ खाऊन मांडणार आहे. खायला दात शिल्लक कसे राहिले, तेही ओघानं येईलच.

प्रकरण सुरू झालं संक्रांतीला. शेजारच्या काकूंनी हातावर तिळाची वडी ठेवली आणि 'गोड बोला' म्हणाल्या. मी वडी तोंडात टाकली आणि त्यानंतर जे बोललो ते गोड नव्हतं. उजव्या बाजूच्या खालच्या दाढेतून एक कळ निघाली ती थेट कानशिलापर्यंत. घरी येऊन दाढीच्या आरशासमोर आ वासून उभा राहिलो. दाढेच्या मधोमध एक काळा ठिपका होता. मोहरीएवढा.

वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत माझ्या बत्तिशीला दात घासायच्या ब्रशाखेरीज कुणाचा हात लागलेला नव्हता, आणि याचा मला थोडा गर्वही होता. त्या गर्वाला आता भोक पडलं. शिवाय त्या दिवसापासून माझी जीभ कामातून गेली. बोलताना, गिळताना, झोपेतसुद्धा ती त्या ठिपक्यापाशी जाऊन चौकशी करायची. शेजारी नवं बिऱ्हाड आलं की काही बायाबाप्यांना जसा खिडकीपासून हलवत नाही, तशी तिची गत झाली.

त्यात आपल्या भाषेनं आधीच अर्धा घोळ करून ठेवला आहे. आपण म्हणतो, दाताला 'कीड लागली'. झालं! डोळे मिटले की एक हिरवट, गुबगुबीत अळी माझ्या दाढेत बसून वांग्यात बसावी तशी निवांत पोखरते आहे असं दिसायला लागलं. वास्तविक दातात कीड-बीड काही नसते. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर नावाच्या एका अमेरिकन दंतवैद्यानं 1890 साली पुस्तक लिहून सांगितलं, की तोंडातले सूक्ष्मजंतू आपल्या खाण्यातली साखर आणि पीठ खातात, त्याचं आम्ल करतात, आणि ते आम्ल दात झिजवतं. म्हणजे दाढेत अळी नाही, आंबट पाणी आहे. पण हे मला दीड वर्षानं कळलं. तोवर अळी पुष्कळ वाढली होती.

त्याच रात्री जेवताना मी हा विषय काढला. ही म्हणाली, "दाताच्या डॉक्टरकडे जा आणि सिमेंट भरून घ्या. अर्ध्या तासाचं काम."

यावर मी आयुष्यात प्रथमच एक खरं वाक्य बोललो. म्हणालो, "मला भीती वाटते."

घरात शांतता पसरली. मुलानं मोबाइलमधून मान वर काढली, यावरून परिस्थितीचं गांभीर्य लक्षात यावं. बावन्न वर्षांच्या पुरुषानं महागाईला भ्यावं, साहेबाला भ्यावं, बायकोला तर भ्यावंच, त्याला समाजमान्यता आहे. पण सुईला? आणि मग ते वाक्य आलं. प्रथम घरातून, मग मजल्यावरून, मग ऑफिसातून, मग फोनवरून नागपूरहून.

हे वाक्य म्हणणाऱ्यांच्या जाती आहेत. त्या मी नीट अभ्यासल्या आहेत.

पहिली जात मुंगीवाल्यांची. "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटतं." या लोकांना मुंगी कधी चावली आहे की नाही, देव जाणे. मला लहानपणी कोकणात आंब्यावरच्या ओंबिलांनी फोडून काढलं होतं, तेव्हा मी झाडावरून उतरलो नव्हतो, पडलो होतो. त्यामुळे मुंगीचं नाव काढलं की माझी भीती कमी होण्याऐवजी तिला सहा पाय फुटतात.

दुसरी जात वीरांची. यांचे मेरुमणी म्हणजे आमचे मेहुणे. "भाऊजी, मी तर इंजेक्शनसुद्धा घेतलं नाही. डॉक्टरला म्हटलं, चालव तुझं मशीन!" असं म्हणून ते बडीशेप चघळत माझ्याकडे पाहतात. यावर ऐकणाऱ्यानं काय करावं अशी अपेक्षा असते, मला ठाऊक नाही. त्यांचा पराक्रम ऐकून माझ्या दाढेनं घ्यावी अशी प्रेरणा त्यात मला दिसली नाही.

तिसरी जात फार धोकेबाज. ती आधी धीर देते. "घाबरू नका, हल्ली सायन्स फार पुढे गेलंय," आणि मग थोडं थांबून, "आता आमच्या साडूंचं जे झालं ते लाखात एखाद्याचंच होतं म्हणा." एवढं बोलून ही माणसं उठून जातात. साडूंचं काय झालं ते सांगत नाहीत. मग रात्री दोन वाजता मी एकटा अंथरुणात पडल्या पडल्या त्या साडूंचे नाना प्रकारे हाल करतो.

चौथा वर्ग महिलांचा. "आम्ही दोन-दोन बाळंतपणं काढली हो!" या मुद्द्याला जगात उत्तर नाही, आणि मी ते देणारही नाही. एवढंच नम्रपणे विचारतो, की एकाच्या मोठ्या दुखण्यानं दुसऱ्याचं छोटं दुखणं बरं झाल्याचं कुणी पाहिलं आहे काय?

या सगळ्यांशी माझं भांडण एकाच गोष्टीवरून आहे. 'त्यात काय घाबरायचं?' या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असतं, पण तो प्रश्न नसतो. कुणी खरोखरच विचारलं असतं, की बाबा रे, यात नेमकं काय घाबरण्यासारखं आहे, तर मी सांगितलं असतं. यादीच दिली असती. पण उत्तराची कुणालाच गरज नसते. ते वाक्य म्हणजे तोंडावर लोटलेलं दार असतं. आणि त्यानं भीती जात नाही. ती फक्त आतल्या खोलीत जाऊन बसते आणि वर तिला लाजही वाटायला लागते. नुसती भीती घेऊन माणूस डॉक्टरच्या पायरीपर्यंत तरी पोचतो. लाजलेली भीती घेऊन तो घरीच बसतो आणि दाढेत लवंग धरतो.

मी लवंगच धरली. दीड वर्ष. कुणी विचारलं तर, "अहो, आता काही त्रास नाही," असं सांगत गेलो. डाव्या बाजूनं जेवायला शिकलो. पाणी गरम करून प्यायला लागलो. आइस्क्रीम आलं की "घसा धरलाय" म्हणायचो. वर्षभर घसा धरलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. आमच्या घरच्यांनी पाहिला.

आणि इथं मला नानांची आठवण होते.

नाना म्हणजे माझे वडील. आमच्या आळीत त्यांचं धैर्य प्रसिद्ध होतं. विहिरीत पडलेली घागर काढायची असो की माळ्यावर निघालेला साप असो, 'नानांना बोलवा' असं म्हणायची पद्धत होती. 'भिऊ नकोस, त्यात काय घाबरायचं' हे वाक्य मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकलं. या नानांना शेवटची पंधराएक वर्षं भाकरी दुधात कुस्करून लागायची. आम्ही भावंडं थट्टा करायचो. ते म्हणायचे, "कुस्करल्याशिवाय चव नाही रे." लाडू मोडून त्याचा भुगा करायचे. पेरू आवडायचा, पण तो दुसऱ्याला कापून द्यायचे आणि आपण वास घ्यायचे.

ते गेल्यानंतर एकदा आई सहज बोलता बोलता म्हणाली, "दातांना फार भ्यायचे रे ते. एकदा मी नेलं होतं, तर दवाखान्याच्या दारातून परत फिरले. कुणाला सांगू नकोस म्हणाले."

साप धरणारा माणूस! एकेक दाढ हलत गेली, पडत गेली, आणि भीती वाटते एवढे दोन शब्द त्यांना कुणापाशी बोलता आले नाहीत. कारण ते नाना होते, आणि नानांनी भ्यायचं नसतं. आता वाटतं, त्यांना त्या दारात कुणी नुसतं विचारलं असतं, "नाना, कशाची भीती वाटते?" तर शेवटपर्यंत ते पेरू खाऊ शकले असते. पण विचारणार कोण? आम्हीही त्यांचीच मुलं. आम्हालाही तेच एक वाक्य येत होतं.

लवंगेच्या काळात मी एकदा शौर्य दाखवून एका डॉक्टरांकडे गेलोही होतो. त्यांचं नाव सांगत नाही. माणूस कुशल असेल, हातही हलका असेल, पण तो अनुभव घेण्याआधीच आमचे संबंध संपले. खुर्चीत बसलो. वर दिवा, बाजूला ताटलीत चकचकीत आकड्या मांडलेल्या. मी चाचरत म्हणालो, "डॉक्टर, मला जरा भीती..." ते हसून म्हणाले, "त्यात काय घाबरायचं? इथं पाच वर्षांची मुलं बसतात!" आणि पाठ फिरवून काहीतरी भरायला लागले. मी म्हणालो, "एक मिनिट हं, गाडी नो पार्किंगमध्ये लागलीय," आणि उतरलो तो थेट घरी आलो.

माझ्याकडे गाडी नाही. सायकलसुद्धा नाही.

यावर कुणी म्हणेल, डॉक्टर तरी काय करणार? बाहेर दहा माणसं बसलेली असतात. प्रत्येकाच्या भीतीची समजूत घालत बसले तर दात कधी भरणार? याला माझं उत्तर असं, की भीतीची समजूत घालणं हा दंतवैद्यकाबाहेरचा उद्योग नव्हेच. या धंद्याची सगळी प्रगती रोग्याच्या भीतीवरच उभी आहे. भूल ही वैद्यकातली केवढी मोठी गोष्ट! तिच्यामागे धडपडले कोण? दाताचे डॉक्टर! अमेरिकेत होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्यानं 1844 साली हसवणारा वायू हुंगून स्वतःचाच दात उपटून घेतला. पुढच्याच वर्षी बॉस्टनला त्यानं त्याचा जाहीर प्रयोग केला, तेव्हा रोगी ओरडला आणि जमलेल्या लोकांनी वेल्सची हुर्यो उडवली. पण 16 ऑक्टोबर 1846 रोजी मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्यानं त्याच शहरात शस्त्रक्रियेसाठी ईथरची भूल यशस्वीपणे देऊन दाखवली, आणि जगाचं दुखणं कायमचं हलकं झालं. आता विचार करा, या दोघांनी खुर्चीतून पळणाऱ्या रोग्यांना 'त्यात काय घाबरायचं?' एवढंच सुनावलं असतं, तर आज अपेंडिक्स काढतानाही आपल्याला चार माणसांनी हातपाय धरून दाबून ठेवलं असतं!

म्हणजे माझ्यासारखे भित्रे लोक मानवजातीवर केवढे उपकार करून राहिले आहेत, पाहा. पूर्वी दात कोरायचं यंत्र शिवणयंत्रासारखं पायानं चालवत. मॉरिसननं 1871 साली त्याचं पेटंट घेतलं. त्याची ती कूर्मगती आणि हादरे सोसायची कुणाची तयारी नव्हती, म्हणून शोध चालू राहिले, आणि 1957 साली हवेच्या झोतावर मिनिटाला सुमारे 3 लाख फेरे घेणारं यंत्र बाजारात आलं. ती जी शिट्टीसारखी किंकाळी ऐकून आपली दातखीळ बसते, ती खरं म्हणजे काम लवकर संपत असल्याची खूण आहे. 1943 साली स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झालं, त्याचंच इंजेक्शन आज आपल्या हिरडीत देतात. 1969 साली तर नॉर्मन कोरा नावाच्या शास्त्रज्ञानं दाताच्या भीतीची मोजपट्टीच काढली. चार प्रश्न, कमीत कमी 4 मार्क, जास्तीत जास्त 20. मी प्रामाणिकपणे सोडवली आणि 17 मिळवले. शाळेत एवढी टक्केवारी मला कुठल्याच विषयात पडली नव्हती. सांगायचा मुद्दा असा, की ज्या गोष्टीची शास्त्रज्ञ फूटपट्टी बनवतात, ती गोष्ट 'काही नाही' असूच शकत नाही.

शेवटी गेलो तो लाज सोडून नव्हे, दाढेनं झोप सोडायला लावली म्हणून. या वेळी डॉक्टरीणबाई होत्या. वय आमच्या भाचीएवढं. त्यांनी मला आल्या आल्या 'काका' म्हटलं, ते मी वयाकडे पाहून माफ केलं. त्यांच्या आणि माझ्याही.

मी खुर्चीत बसून दोन्ही हातांनी तिचे हात घट्ट धरले होते. म्हणजे खुर्चीचे. बाईंनी ते पाहिलं आणि विचारलं, "काका, भीती वाटतेय?"

"छे!" मी म्हणालो. बावन्न वर्षांची सवय.

"बरं," त्या म्हणाल्या, "पण वाटत असती तर कशाची वाटली असती? सुईची, मशीनच्या आवाजाची, की मध्येच दुखलं तर काय, याची?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. भीतीला प्रकार असतात आणि त्यातून आपला निवडायचा असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! साड्यांच्या दुकानात नवऱ्यांचं होतं तसं माझं झालं. थोडा विचार करून म्हणालो, "शेवटची. तोंडात सगळी हत्यारं असताना मी थांबा म्हणणार कसा?"

"हात वर करायचा," त्या म्हणाल्या. "डावा. हात वर झाला की मी थांबणार. कितीही वेळा."

एवढंच! ते ऐकल्याबरोबर माझी निम्मी भीती गेली. माझं भय सुईचं नव्हतंच मुळी. आपण आडवे, दुसरा उभा, आपलं तोंड उघडं आणि तरी बोलायची सोय नाही, याचं होतं.

मग त्यांनी पुढचं सगळं करायच्या आधी सांगितलं. हिरडीला आधी जेली लावणार, म्हणजे सुईचं टोक कमी लागेल. सुई दाखवली. माझ्या कल्पनेत ती स्वेटर विणायच्या सुईएवढी होती. प्रत्यक्षात केसापेक्षा थोडी जाड. "टोचेल," त्या म्हणाल्या, "पण औषध हळू सोडलं की कमी दुखतं, म्हणून मी घाई करणार नाही." मुंगीचा उल्लेख नाही! 'टोचेल' हे खरं सांगणारी आयुष्यात भेटलेली ती पहिली व्यक्ती. आणि एकदा माणूस एक गोष्ट खरी सांगतो म्हटल्यावर त्याच्या पुढच्या सगळ्या गोष्टींवर विश्वास बसतो. टोचलं. तेवढंच टोचलं.

"आता छातीत जरा धडधडेल. औषधात अॅड्रिनलिन असतं, त्याची ती धडधड. थोड्या वेळात थांबेल." आणि खरोखर धडधडलं! हे आधी सांगितलं नसतं, तर मी हार्ट अटॅक आला असं समजून मृत्युपत्राचा मजकूर जुळवायला घेतला असता. थोड्या वेळानं ओठ जड झाला, अर्धी जीभ परक्याची झाली. "आता दुखणार नाही, पण दाब आणि थरथर कळेल. दुखणं आणि दाब यांत गल्लत करू नका, आणि दुखलंच तर हात आहेच."

मी तीनदा हात वर केला. पहिल्यांदा नुसतीच परीक्षा पाहायला. एसटीचा ड्रायव्हर घाट उतरण्याआधी ब्रेक दाबून बघतो तसा. यंत्र तत्काळ थांबलं. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "बघितलंत? थांबते," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्यांदा खरीच कळ आली. त्यांनी आणखी थोडं औषध दिलं, वाट पाहिली आणि पुढे गेल्या. तिसऱ्यांदा हात केला तो, अजून किती वेळ, हे विचारायला. तेव्हा कोरणं संपलेलं होतं.

नंतरचं काम म्हणजे गवंडीकामच. पण सिमेंट हे आपलं जुनं म्हणणं. पूर्वी भरायचे ती चांदी. तिच्यात निम्मा पारा असायचा आणि युरोपीय संघानं 1 जानेवारी 2025 पासून तिचा वापर जवळजवळ बंदच केला आहे. माझ्या दाढेत दाताच्याच रंगाचा लगदा थराथरानं भरला आणि प्रत्येक थर निळ्या प्रकाशानं जागच्या जागी कडक केला. मग रंगीत कागद चावायला लावून उंचवटे घासले. "आणखी चार-सहा महिने थांबला असतात तर नसेपर्यंत गेलं असतं. मग रूट कॅनॉल, नाहीतर दाढ काढायची," बाई म्हणाल्या. "दीड वर्षापूर्वी आला असतात तर कदाचित इंजेक्शनही लागलं नसतं."

हे वाक्य मात्र सुईपेक्षा जास्त टोचलं. दाताच्या वरच्या टणक कवचाला संवेदनाच नसते. म्हणजे तो मोहरीएवढा ठिपका होता तेव्हाच जाऊन हात वर करायची सोय मागितली असती, तर कदाचित विशेष काही कळलंच नसतं. दुखणं वाढवलं ते मी थांबल्यामुळे, आणि थांबलो ते लाजल्यामुळे.

बाईंना विचारलं, ही हातबित वर करायची युक्ती तुमची का? त्या म्हणाल्या, नाही, आधी सांगा, मग दाखवा आणि मग करा, ही पद्धत तर 1959 पासून पुस्तकातच आहे. लहान मुलांसाठी.

लहान मुलांसाठी! म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला सगळं समजावून, दाखवून, मगच त्याच्या तोंडाला हात लावायचा, आणि बावन्न वर्षांच्या माणसाला 'इथं पाच वर्षांची मुलं बसतात' म्हणून हिणवायचं! अहो, ती मुलं बसणारच! त्यांना सगळं सांगितलेलं असतं! मलाही सांगा, मीही बसतो! वय वाढलं की भीती आपोआप गळून पडते, असा काही दुधाच्या दातांसारखा प्रकार आहे का?

'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' असं आपले पूर्वज म्हणत, आणि जास्त माहिती दिली की माणूस जास्त भितो, असा त्याचा अर्थ लावणारे पुष्कळ आहेत. काहींना नको असते माहिती. त्यांना देऊ नका, डोळे मिटून पडू द्या. पण आधी विचारा तर! माझा अनुभव असा, की ब्रह्मराक्षस अंधारात वाढतो. साडूंची अर्धवट गोष्ट, मुंगीची खोटी उपमा, मेहुण्यांचा पराक्रम हा त्याचा खुराक. दिवा लावून त्याला समोर बसवला, की तो केसाएवढ्या सुईइतका होतो. अगदीच नाहीसा होत नाही, हेही कबूल करतो. दिवाळीनंतर तपासणीला जायचं आहे, आणि आताही पोटात गोळा येतोच. पण गोळा येणं आणि न जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं आता कळलं आहे.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. घरातलं कुणी 'भीती वाटते' म्हणालं, तर दोनच वाक्यं बोलायची. एक, 'कशाची?' आणि दुसरं, 'मी येऊ का बरोबर?' याहून तिसरं बोलायची उबळ आलीच, तर तोंडात लवंग धरावी.

हे सगळं मी त्या दिवशी घरी येऊन अर्ध्या ओठानं ऐकवलं. त्यामुळे त्यातलं निम्मं कुणाला कळलं नाही आणि उरलेल्यावर सगळे हसले. रात्री उशिरा मेहुण्यांचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. बहुधा गॅलरीत येऊन बोलत असावेत.

"भाऊजी," ते म्हणाले, "ते... हात वर केला की खरंच थांबतात का हो?"

मी क्षणभर गप्प राहिलो. मशीन बिनइंजेक्शननं चालवून घेणारे मेहुणे! त्यांनी मला दीड वर्ष छळलं होतं. ते वाक्य माझ्या अगदी जिभेच्या टोकावर आलं. पण जिभेची एक बाजू अजून थोडी बधिर होती म्हणा, किंवा मला दुधात भाकरी कुस्करणारे नाना दिसले म्हणा, ते काही बाहेर पडलं नाही.

"थांबतात," मी म्हणालो. "कशाची भीती वाटते? मी येऊ का बरोबर?"

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग मेहुणे हळूच म्हणाले, "शनिवारी जमेल?"